बाजूचा की बाजाचा?

दोस्तांनो, आज तुम्हाला एक खेळ शिकवते. याला साहित्य काही लागत नाही. चार-पाच जण हवेत आणि थोडी टवाळी करायची तयारी हवी, बस्स!

हा खेळ काढला माझ्या भाच्याने. तो अकरावीत आहे. कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो आणि आमच्याकडे आला की जेवणाचं ताटही वाजवतो. निवडणुकीचे दिवस होते. रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. तेवढ्यात बाहेरून प्रचाराची रिक्षा गेली. भोंग्यावर एका सिनेमातल्या गाण्याची चाल आणि त्यात उमेदवाराचं नाव कसंबसं कोंबलेलं. रिक्षा गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत कुणालाच काही बोलता येईना. मग भाचा म्हणाला, "मावशी, हे पुढारी म्हणजे रॉक बँडच आहेत बघ. स्टेज आहे, लाइट आहेत, मागे चार जण उभे आहेत, पुढे एक जण माइक धरून ओरडतोय आणि खाली पब्लिक वेडं झालंय!"

झालं. आमचा खेळ सुरू झाला. एकाने पुढारी सांगायचा, दुसऱ्याने त्याचा बँड कसला ते सांगायचं. नावं मी इथे देत नाही. ती तुम्ही तुमची घाला.

एक निघाला 'एकाच गाण्याचा बँड'. वीस वर्षांपूर्वी त्याचं एक गाणं गाजलं. अजूनही कुठेही बोलावलं तरी तेच गाणं. बारसं असो की दहावीचा सत्कार. एक निघाला 'दुसऱ्यांची गाणी गाणारा बँड'. एक तर नुसताच गिटारवाला. दर वर्षी नव्या बँडमध्ये दिसतो आणि दर वेळी सांगतो की, आधीच्या बँडमध्ये माझा श्वास कोंडत होता. आणि मग आला 'फुटलेला बँड'. इथे मात्र भाच्याने हातातला घास ताटात ठेवला, कारण हा त्याचा आवडता विषय.

'पिंक फ्लॉइड' नावाचा एक मोठा इंग्लिश रॉक बँड. त्यातला रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला. उरलेल्यांनी तेच नाव लावून वाजवायचं ठरवलं, तर हा म्हणाला, "मी नाही तर ते नाव तुम्ही वापरायचं नाही." भांडण कोर्टापर्यंत गेलं आणि १९८७ मध्ये तडजोडीने मिटलं. नाव उरलेल्यांकडेच राहिलं.

"मग आपल्याकडे काय वेगळं झालं?" भाचा म्हणाला. खरंच की! आपल्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. दोन्ही वेळा प्रश्न तोच. नाव कुणाचं आणि चिन्ह कुणाचं? धनुष्यबाण कुणाचा आणि घड्याळ कुणाचं? दोन्ही वेळा निवडणूक आयोगाने निकाल दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाणाचा, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळाचा. ज्यांना घड्याळ मिळालं नाही त्यांना त्याच महिन्यात नवं चिन्ह मिळालं, 'तुतारी वाजवणारा माणूस'. यात कोण बरोबर आणि कोण चूक हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्ही मोठे झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा. पण आमच्या घरात तुतारीचं नाव निघाल्यावर कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला.

ते माझे बाबा होते. म्हणाले, "बघा, एवढं सगळं करून शेवटी लागला कोण? वाजवणाराच!"

आता हे त्यांनीच का म्हणावं, ते सांगते. माझे बाबा बँडवाले. गिटारवाला बँड नव्हे हं, वरातीतला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी फिती, डोक्यावर टोपी आणि हातात क्लॅरोनेट. पुण्यात 'प्रभात' आणि 'दरबार' या बँडची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. बाबांचा बँड तसा नावाजलेला नव्हता. बारा-चौदा माणसं, बँडमास्तरांच्या घरातच ऑफिस आणि ऑफिस म्हणजे भिंतीवर एक कॅलेंडर. लग्नसराईत काम, गणपतीत काम, पावसाळ्यात घरी. आणि पाच वर्षांतून एकदा निवडणूक आली की पुन्हा दिवाळी!

२००२ साली पुणे महापालिकेची निवडणूक होती. मी सहावीत होते. आमच्या भागातल्या एका उमेदवाराने बाबांच्या बँडला सुपारी दिली. (सुपारी म्हणजे कामाचं ठरवून आगाऊ पैसे देणं, बरं का! वर्तमानपत्रात वाचता ती सुपारी नव्हे.) सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. रोज संध्याकाळी भाऊंची पदयात्रा निघायची. पुढे बाबांचा बँड, मागे भाऊ, त्यांच्यामागे कार्यकर्ते आणि सगळ्यांच्या अवतीभोवती आम्ही पोरंटोरं.

काय सांगू तुम्हाला! भाऊंचं बोलणं असं होतं की ऐकतच राहावं. कोपऱ्यावर थांबायचे, हात वर करायचे, सगळं शांत व्हायचं. मग हळू आवाजात सुरुवात. मग एखादा विनोद. मग आवाज चढत चढत असा जायचा की अंगावर काटा यायचा. आणि शेवटचा शब्द संपायला आणि बाबांच्या क्लॅरोनेटने चाल उचलायला एकच गाठ. मी तर पार वेडी झाले. आज तुम्ही गायकांचे, क्रिकेटपटूंचे फोटो जमवता ना, तशी मी भाऊंची पत्रकं जमवली. वहीच्या मागच्या पानावर त्यांचं नाव सतरा वेळा लिहिलं. घोषणा देऊन देऊन माझा घसा बसला. समोरच्या चाळीतली माझी मैत्रीण दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूची होती. मी तिच्याशी बोलणं सोडलं. ती मला डब्यातली चिक्की द्यायला आली, तीसुद्धा घेतली नाही.

निकालाच्या दिवशी भाऊ पडले. मी घरी बसून रडत होते आणि बाहेरून बँडचा आवाज आला. गॅलरीत जाऊन बघते तर काय! गुलाल उडतोय, समोरच्या पार्टीची मिरवणूक चालली आहे आणि सगळ्यात पुढे लाल कोटात माझे बाबा. चालसुद्धा तीच! फक्त लोक तिच्यावर दुसरं नाव घालून ओरडत होते.

रात्री बाबा घरी आले. त्यांच्या कानात, भुवयांत गुलाल होता. मी तोंड फिरवून बसले. म्हटलं, "तुम्ही तर भाऊंच्या बाजूचे होतात ना?"

बाबांनी क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवली. म्हणाले, "पोरी, मी कुणाच्या बाजूचा नाही. मी बाजाचा."

तेव्हा मला हा बाबांचा नेहमीचा पीजे वाटला. मला अजूनच राग आला.

पण गोष्ट इथे संपली नाही. भाऊंकडून बँडला निम्मे पैसे आगाऊ मिळाले होते. निम्मे निकालानंतर द्यायचे ठरले होते. आठवडा गेला, दोन आठवडे गेले. बँडमास्तर आणि बाबा दोनदा त्यांच्या ऑफिसात जाऊन आले. तिसऱ्या वेळी मी हट्ट करून बरोबर गेले. पैशांसाठी नाही हं! मला भाऊ जवळून बघायचे होते.

भाऊ भेटले. हसून भेटले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, नाव विचारलं. म्हणाले, "अरे, ही तर आपली वाघीण! रोज पदयात्रेत असायची." मग टेबलाचा खण उघडला, त्यातून स्वतःच्या फोटोचा एक बिल्ला काढला आणि माझ्या फ्रॉकला लावला. बाबांना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू."

मी घरापर्यंत उड्या मारत आले. बाबा काही बोलले नाहीत.

तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही. त्या वर्षी आमच्या शाळेची सहल रायगडाला जाणार होती. दीडशे रुपये भरायचे होते. बाबांनी मला निवडणुकीच्या आधीच सांगितलं होतं, "भाऊंचे पैसे आले की भरू." बाईंनी वर्गात सहलीची यादी वाचली, त्यात माझं नाव नव्हतं. माझ्या कंपासपेटीत मात्र भाऊंचा बिल्ला होता. सहलीच्या दिवशी सकाळी एस.टी. शाळेसमोरून निघाली तेव्हा मी गॅलरीत उभी होते. आणि खिडकीतून मला हात कुणी केला, सांगू? त्या समोरच्या चाळीतल्या मैत्रिणीने.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "भाऊ इतकं छान बोलतात, मग असं का करतात?"

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बँडवाल्याला कुणासाठी वाजवलंस हे विचारायचं नसतं. सूर लागला का, एवढंच बघायचं. सूर लागला, काम झालं. तो घरी गेला. पुढाऱ्याचं उलटं असतं. त्याचा सूर कितीही चांगला लागू दे, वाजवून झाल्यावर त्याचं काम सुरू होतं. तू भाऊंना बँडसारखं ऐकलंस. चूक त्यांची आहेच, पण थोडी तुझीही आहे."

अकरा वर्षांच्या मुलीला हे सगळं कळलं असेल असं नाही. पण ते डोक्यात कुठेतरी बसून राहिलं. पुढे मी डी.एड.ला गेले आणि तिथे माझी गाठ एका वेगळ्याच पुढाऱ्याशी पडली. अर्थात पुस्तकात. गोपाळ कृष्ण गोखले.

तुम्ही पुण्याचे असाल तर गोखल्यांचं नाव फर्ग्युसन कॉलेजमुळे ऐकलं असेल. ते तिथे प्राध्यापक होते. १९०५ मध्ये पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. या माणसाने शाळेच्या मुलांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं होतं! आणि कायदेमंडळात ते बोलायला उभे राहायचे तेही आकडे घेऊन. सरकार किती कर घेतं, किती खर्च करतं, शाळांवर किती आणि सैन्यावर किती. इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांचं बोलणं टाळता यायचं नाही, कारण हिशेब चोख असायचा.

मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी काय होती? नगरपालिकांना आणि जिल्हा बोर्डांना आपापल्या भागात ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं करता यावं, एवढीच. तीसुद्धा हळूहळू आणि सरकारची परवानगी घेऊन. पुढच्या वर्षी मतदान झालं. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८. विधेयक पडलं. पडणार हे गोखल्यांना आधीच माहीत होतं. तरी त्यांनी ते मांडलं.

गोखल्यांच्या पुण्यातलेच लोकमान्य टिळकही होते. टिळक आणि गोखले यांचं पटत नसे, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. आमच्या खेळात टिळकांचा बँड कसला ठरेल? मैदानातला! गणेशोत्सवातले मेळे, गर्दी, घोषणा, हजारो माणसं. आणि गोखल्यांचा? बंद खोलीत बसून एकेक सूर तपासणारा.

माझा भाचा म्हणतो, असं एकाच बँडच्या बाबतीतही घडलं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या चार मुलांचा 'बीटल्स' हा बँड. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. ५५ हजारांहून जास्त माणसं आली होती आणि ती इतकी किंचाळत होती की त्या चौघांना स्वतःचंच गाणं नीट ऐकू येईना! बँड वाजतोय, पण ऐकतंय कोण? पुढच्या वर्षी त्यांनी गावोगावचे कार्यक्रमच बंद केले. स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि तिथे बसून काम केलं. त्यांचं पुष्कळसं नावाजलेलं संगीत त्यानंतरचं आहे.

आता गंमत बघा. गर्दी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. टिळकांना नुसत्या टाळ्याच हव्या असत्या, तर १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले तेव्हा सगळं संपलं असतं. तिथे टाळ्या वाजवायला कोण होतं? पण तिथे बसून त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. म्हणजे मैदानातल्या माणसालाही दार लावून काम करता येतं. टाळ्या थांबल्यावर माणूस काय करतो, तिथे तो कळतो.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले वारले. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते पुण्यात आले आणि अंत्यसंस्काराच्या जागी गेले. ते बोलायला उभे राहिले तेव्हा लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. टिळकांनी त्यांना थांबवलं. ही वेळ टाळ्यांची नाही, अश्रूंची आहे, अशा अर्थाचं ते बोलले. आणि ज्याच्याशी आयुष्यभर वाद घातला, त्या माणसाचा कित्ता गिरवा असं लोकांना सांगितलं. मी वर्गात हा प्रसंग सांगते तेव्हा एरवी चुळबुळ करणारी मुलंही गप्प होतात.

आणि ते पडलेलं विधेयक? १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आणि सगळ्या देशात ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. १९११ ते २०१०. करा वजाबाकी. आज माझ्या वर्गात बांधकामावरच्या मजुरांची मुलं येऊन बसतात. वर्षाच्या मध्येच आली तरी त्यांना दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. त्यांच्यापैकी कुणी गोखल्यांचं भाषण ऐकलेलं नाही. त्या भाषणाला टाळ्या पडल्या होत्या की नाही, याने त्यांना काय फरक पडतो?

तर दोस्तांनो, खेळाचा उत्तरार्ध आता सांगते. पूर्वार्ध भाच्याचा, उत्तरार्ध माझा.

एक दोनशे पानी वही घ्या. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत कुणी मतं मागायला आलं की जरूर ऐकायला जा. बँड असेल तर नाचा! मी काही नाचू नका म्हणणार नाही. बँडवाल्याची मुलगी आहे मी. पण घरी आल्यावर वहीत तारीख टाका आणि त्या माणसाने जे जे करीन म्हणून सांगितलं त्यातल्या तीनच गोष्टी लिहा. 'विकास करीन' असलं लिहायचं नाही. 'शाळेसमोर गतिरोधक बसवीन' असं मोजता येईल असं लिहायचं. मग वही ठेवून द्या. वर्षाने त्याच तारखेला उघडा. गतिरोधक आहे का बघा. असेल तर बरोबरची खूण करा, नसेल तर फुली. तुम्हाला न आवडणाऱ्या पुढाऱ्याने केलं असेल तरी बरोबरचीच खूण करायची. हा नियम सगळ्यात अवघड आहे, पण त्याशिवाय खेळाला मजा नाही.

माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही मॉनिटरच्या निवडणुकीला असंच करतो. एका मुलाने रॅप करून मतं मागितली आणि भरघोस मतांनी निवडून आला. महिन्याने वही उघडली तर दोन फुल्या निघाल्या. बिचारा रडवेला झाला. मग त्याच्या विरुद्ध पडलेली मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, त्याला अजून एक आठवडा द्या. पाण्याचं पिंप धुवायला मी मदत करते." मी तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी मला आमच्या समोरच्या चाळीतल्या मैत्रिणीची आठवण आली. सहलीच्या दुसऱ्या दिवशी तिने रायगडाहून आणलेले दोन गुळगुळीत दगड मला दिले होते. आणि या वेळी मी तिच्या डब्यातली चिक्कीही घेतली होती!

बाबा आता वाजवत नाहीत. दम पुरत नाही. त्या रविवारी जेवणं झाल्यावर भाच्याने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही सांगा ना, चांगला पुढारी म्हणजे कुठला बँड?"

बाबा हात धुवून आले होते. पंचाला हात पुसत म्हणाले, "मिरवणूक संपल्यावर ज्याचे सगळे वाजवणारे पोटभर जेवून घरी जातात, तो."

भाऊंचा बिल्ला अजून माझ्याकडे आहे. तो मी त्या वहीच्या पहिल्या पानाला टाचला आहे. खाली तारीख घातली आहे आणि त्यापुढची जागा कोरीच ठेवली आहे. तुमच्या वहीत काय काय निघतंय ते बघा. फुल्या जास्त निघाल्या तर खट्टू होऊ नका. वजाबाकी केलीत ना? नव्व्याण्णव वर्षं लागली होती!